उत्तर लॅपलँडमध्ये भुंगेऱ्यांचं सर्वेक्षण: हाताशी आठ आठवडे असतील तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. पश्चिम घाटात तीन हंगाम भुंगेऱ्यांवर काम केलेल्या एका विद्यार्थिनीला यंदा जून-जुलैत फिनलंडच्या उत्तर टोकाला, उत्सयोकी परिसरात, आठ आठवडे काम करायला मिळणार आहे. सोबत मदतीला एक जण. तिथल्या भुंगेऱ्यांच्या प्रजातींची यादी करायची आहे. प्रकाशसापळा न्यावा का, खड्डा-सापळे (धावते किडे आत पडावेत म्हणून जमिनीत काठापर्यंत पुरलेले पेले) किती लावावेत, आणि यादी पुरी होत आली हे कसं ओळखावं, हे तिचे तीन प्रश्न. शेवटी तिनं चौथाही जोडलाय: नमुने कुठे ठेवावेत? मी त्या भागात बरेच उन्हाळे काढलेत, त्यामुळे सविस्तरच लिहितो.

प्रकाशसापळा घरी ठेवा. उत्सयोकी ७० अंश उत्तर अक्षांशाच्या अगदी जवळ आहे. तिथे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य मावळतच नाही. आपल्याकडे वळवाची पहिली सर पडून गेली की त्याच संध्याकाळी पांढऱ्या पडद्यावर हुमणीचे भुंगेरे टपाटप आदळायला लागतात आणि एका रात्रीत डबे भरतात. तिथे अंधारच पडत नाही, तर दिव्याकडे येणार कोण? ऑगस्टमध्ये रात्री पुन्हा काळोख्या होऊ लागतात, पण तोवर तुमचं सामान बांधून झालेलं असेल. त्या पेटीच्या वजनात एक चांगली चाळण, सुती पिशव्या आणि गुडघ्यांना बांधायच्या गाद्या न्या.

गुडघ्यांच्या गाद्या मी मनापासून सुचवतोय. घाटात आपण वर बघतो: पानं, फुलं, कुजकी खोडं, झाडांच्या फांद्या. फिनलंडमध्ये भुंगेऱ्यांच्या सुमारे ३,७०० प्रजाती आहेत, पण जसजसं उत्तरेकडे जाल तसतसे पानं खाणारे, लाकूड पोखरणारे आणि शेणकिडे विरळ होत जातात. उरतात ते मुख्यतः दोन कुळांतले: जमिनीवर धावणारे शिकारी कॅरॅबिड, आणि आखूड पंखढालींचे (पंखढाल म्हणजे पाठीवरचं कडक झाकण), सळसळत पळणारे स्टॅफिलिनिड. दोघंही शेवाळात, दगडाखाली, वाळुंजाच्या झुडपांखालच्या पाचोळ्यात, ओल्या वाळूत राहतात. तिथले भूर्जवृक्षसुद्धा माणसाच्या उंचीला जेमतेम दुप्पट, आणि डोंगरमाथ्यावर भूर्जाची एक जात तर घोट्याच्याही खाली, जमिनीला चिकटून वाढते. तिथे भुंगेऱ्यांचं जग जमिनीपासून वीतभर उंचीत मावतं. उभ्यानं चालत राहिलात तर दिवसभरात पाच-सहा प्रजाती हाती लागतील. तेवढाच वेळ दहा ठिकाणी बसून घालवलात तर तीस.

कामाचं वेळापत्रक तारखांवर आखू नका, बर्फावर आखा. "१ ते ७ जून अमुक ठिकाण" अशी आखणी केलेले लोक मी पहिल्याच आठवड्यात रडकुंडीला आलेले पाहिलेत, कारण त्यांचं अमुक ठिकाण अजून हातभर बर्फाखाली होतं. खळग्यांमधला बर्फ जुलैतही असतो, आणि उघड्या कड्यावरचा मेमध्येच गेलेला असतो. एकाच टेकडीवर पन्नास पावलांच्या अंतरात वसंत आणि उन्हाळा एकाच दिवशी सापडतात. ही अडचण नाही, उलट तुमच्यासारख्या थोडक्या दिवसांसाठी आलेल्या माणसाला मिळालेली संधी आहे. बर्फाची कड जिथे जिथे मागे सरकते तिथे तिथे हंगाम नव्यानं सुरू होतो. तुम्ही फक्त कडेसोबत सरकत राहायचं.

यामागचं कारण समजून घेतलंत तर जागा निवडणं सोपं जाईल. हिवाळ्यात हवेचं तापमान शून्याखाली ३०-४० अंशांपर्यंत उतरतं. फिनलंडचा नोंदलेला नीचांक उणे ५१.५ अंश आहे, कित्तिला भागातल्या पोक्का गावचा, जानेवारी १९९९ मधला. पण जाड बर्फाखालची जमीन शून्याच्या जरा खालीच रेंगाळते, कारण बर्फ गोधडीसारखं काम करतो. वाऱ्यानं बर्फ उडून गेलेल्या कड्यांवर ही गोधडी नसते. त्यामुळे कड्यावरचे भुंगेरे आणि खळग्यातले भुंगेरे वेगळे असतात, मग दोन्हीत अंतर कितीही कमी असो. कोरड्या उघड्या माथ्यावर अमारा अल्पायना हा कॅरॅबिड मिळेल. खाली ओल्या गवताळ उतारावर पॅट्रोबस सेप्टेंट्रिओनिस, तोही कॅरॅबिडच. नकाशावर चौकटी आखून समान अंतरावर ठिकाणं घेतलीत तर हा फरक निसटतो. माथा, उतार, खळगा, झुडपं, दलदल, नदीकाठ असे अधिवास आधी ओळखा आणि प्रत्येकात किमान दोन जागा घ्या.

बर्फाच्या कडेवर काय दिसतं ते एकदा सांगतो. रात्रीचे अकरा, सूर्य क्षितिजाच्या वर हातभर, उजेड पिवळा. बर्फाच्या पट्ट्यावर वाऱ्यानं आणून टाकलेल्या माश्या, मावा, एखादं पाखरू, थंडीनं आखडून पडलेलं. कडेपासून दोन पावलांवरचा तळहाताएवढा चपटा दगड उचलला तर खाली वितळत्या पाण्यानं काळी पडलेली माती, आणि तीत एक सेंटिमीटरभर लांबीचा, काळसर, लांब पायांचा कॅरॅबिड. तोंडात माशीचं धड. पंख बाजूला टाकलेले. दगड उचलल्यावर तो क्षणभर स्तब्ध, मग बर्फाच्याच दिशेनं धावला. त्याच्यासाठी बर्फ म्हणजे वाढून ठेवलेलं ताट आहे. असे दगड रात्री दहा ते एक या वेळात उलटा, आणि बघून झाल्यावर होता तसाच, त्याच बाजूवर परत ठेवा. दगडाखालची ओल तयार व्हायला वर्षं लागतात.

आता खड्डा-सापळे. दोन माणसांना झेपेल असा माझा आकडा: आठ ओळी, प्रत्येकीत सहा पेले, पेल्यांत पाच मीटर अंतर. म्हणजे ४८ पेले. सात आठवडे राहिले तर २,३५२ सापळा-दिवस (एक पेला एक दिवस म्हणजे एक सापळा-दिवस). याहून जास्त लावू नका. पेले लावायला सोपे असतात. त्यातला माल निवडायला, ओळखायला आणि टाचणीवर चढवायला दिवस कमी पडतात. रानात घालवलेल्या एका दिवसामागे टेबलापाशी तीन ते चार दिवस हा माझा अनुभव आहे.

पेला एकात एक असा दुहेरी ठेवा, म्हणजे आतला उचलून रिकामा करता येतो आणि खड्डा ढासळत नाही. काठ जमिनीशी अगदी समतल हवा. तिथे एक गोष्ट घाटात कधी होत नाही ती होते: ओल्या जमिनीत रात्री गोठण आणि दिवसा वितळण चालू असेपर्यंत जमीन पेल्याला हळूहळू वर ढकलते. काठ दोन-तीन मिलिमीटर वर आला तरी तीन मिलिमीटरचा भुंगेरा त्याला वळसा घालून निघून जातो, आणि तुम्हाला वाटतं इथे लहान प्रजाती नाहीत. दर खेपेला बोट फिरवून काठ तपासा, आणि वर आला असेल तर तशी नोंद करा.

पेल्यात प्रॉपिलिन ग्लायकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं, वर भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. एथिलिन ग्लायकॉल वापरू नका. ते गोडसर आणि विषारी असतं आणि तो सगळा रेनडिअर चरण्याचा मुलूख आहे. मिठाचं पाणी तर मुळीच नको. रेनडिअरना मिठाची ओढ जबर असते, एका रात्रीत अख्खी ओळ उकरलेली सापडेल. पेल्यावर खिळ्यांच्या पायांवर छोटं प्लायवूडचं छप्पर, दोन-तीन सेंटिमीटर वर. पेल्याच्या तोंडावर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर छिद्रांची जाळी बसवा, नाहीतर चिचुंद्र्या आणि लेमिंगची (उत्तरेकडच्या उंदरासारख्या प्राण्याची) पिल्लं बुडतात. ते वाईट आहेच, शिवाय सडलेल्या मांसामुळे मढंखाऊ भुंगेरे लांबून येतात आणि त्या पेल्याची तुलना दुसऱ्याशी करता येत नाही. ओळी कुठे आहेत ते तिथल्या रेनडिअर पाळणाऱ्या लोकांना आधी जाऊन सांगा. जमीन त्यांच्या रोजच्या वापरातली आहे आणि तिची जितकी खबर त्यांना असते तितकी कोणत्याही नकाशात नसते. बर्फ यंदा कुठे आधी गेला, हे मला दर वर्षी त्यांच्याकडूनच कळतं.

परवान्याचं मार्चमध्येच बघा. फिनलंडमध्ये रानात फिरायची, बेरी तोडायची मुभा सर्वांना आहे, पण खड्डे खणून सापळे लावणं त्यात येत नाही. केवो कॅन्यनचा भाग १९५६ पासून कडक संरक्षित आहे. तिथे आखलेली पायवाट सोडायलाही परवानगी लागते. तुर्कू विद्यापीठाचं केवो संशोधन केंद्र जवळच आहे, टेबल-सूक्ष्मदर्शकाची सोय तिथे विचारा.

खड्डा-सापळ्यात किती भुंगेरे आहेत ते मोजलं जात नाही, किती धावले ते मोजलं जातं. उबदार आठवड्यात दुप्पट पडतात, गार आठवड्यात निम्मे. एका ओळीत तरी जमिनीलगत तापमान नोंदवणारं छोटं यंत्र ठेवा, नाहीतर तुमचा आलेख भुंगेऱ्यांचा नसून हवामानाचा असेल. आणि जे धावत नाहीत ते सापळ्यात येतच नाहीत. म्हणून चाळण.

चाळणीवर माझा सर्वांत जास्त भरवसा आहे. आठ मिलिमीटर छिद्रांची चाळण, खाली सुती पिशवी. वाळुंजाच्या बुंध्याचा पाचोळा, झऱ्याकाठचं शेवाळ, आणि बर्फ वितळल्यावर उघड्या पडणाऱ्या लेमिंगच्या हिवाळी घरट्यांचे गवताचे गोळे. गवताच्या या गोळ्यांत हात घालायला नवखे लोक कचरतात, पण तिथे मिळणारे स्टॅफिलिनिड दुसरीकडे क्वचितच मिळतात. प्रत्येक वेळी पाच लिटर मोजून घ्या, कमी नाही, जास्त नाही. माल केंद्रावर आणून दिव्याखालच्या नरसाळ्यात तीन-चार दिवस ठेवा. कोरडं होत गेलं की भुंगेरे खाली उतरतात. वीज नसेल तर पांढऱ्या कापडावर मूठमूठ पसरून थांबा. पहिली दोन मिनिटं काहीच हलत नाही. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला कचऱ्याचा एखादा कण चालायला लागतो.

तेनो नदीचा काठ मात्र कापडापेक्षा रंगतदार. उन्हाळ्याच्या सुरुवातीला बर्फाच्या पाण्यानं नदी फुगलेली असते, तेव्हा जाऊन उपयोग नाही. पाणी उतरून वाळूचे पट्टे उघडे पडले की जा, ऊन असताना. डब्यानं पाणी काठाच्या उतारावर ओता आणि बघत राहा. आधी बेंबिडिऑन हे छोटे कॅरॅबिड, तीन ते पाच मिलिमीटरचे, धातूसारखे चमकत वर धावतात. मग एखादा एलाफ्रस: बटबटीत डोळे, हिरवट पाठ आणि पाठीवर जांभळट गोल खळगे, जणू आणखी डझनभर डोळे. त्याला चिमटीत धरा आणि कानाजवळ न्या. किर्र असा बारीक आवाज येतो. पोट पंखढालीवर घासून तो ओरडतो. वाळूवर मुंग्यांनी काढल्यासारखे बारीक ढिगारे दिसले तर ते ब्लेडियसचे, बिळं करून राहणारे स्टॅफिलिनिड. ढिगाऱ्याखाली खुरप्यानं तीन-चार सेंटिमीटर खोल वाळू उचला आणि पाण्यात सोडा, भुंगेरे तरंगतात. रेनडिअरच्या शेणालाही हीच युक्ती; उन्हाळ्यातलं मऊ शेण बादलीत बुडवलं की अफोडियस लॅपोनम हा शेणकिडा वर येतो. हिवाळ्यातल्या कोरड्या लेंड्या सोडून द्या.

तळ्यांसाठी जाळं न्या. मासे नसलेल्या स्वच्छ तळ्यांत डायटिस्कस लॅपोनिकस हा पाणभुंगेरा बघायला मिळावा. मेलेल्या लाकडाचं काम दक्षिणेला इनारीच्या पाईनच्या रानात जाल तर करा, आणि साल खोडाच्या एकाच बाजूची काढा. जाताना भूर्जाच्या बुंध्यावर खुरासारख्या बुरशा दिसल्या तर आजूबाजूला उपिस सेरॅम्बॉइडिस शोधा, काळा, सुरकुतलेल्या पाठीचा. अलास्कातले त्याचे भाऊबंद उणे ६० अंशांपर्यंत गोठूनही जगतात. त्यांच्या अंगात सापडलेला गोठणरोधक पदार्थ २००९ मध्ये ओळखला गेला आणि तो प्रथिन नसून साखरेच्या साखळीचा निघाला.

डासांबद्दल सगळे बोलतात, मी एकच सांगतो. जूनच्या अखेरपासून डास आणि चावऱ्या माश्यांचे जे ढग येतात त्यांना तिथे खास शब्दच आहे, रॅक्का. जाळीची टोपी घाला, पण डीट (डास पळवणारं रसायन) असलेलं मलम हाताला लावू नका. त्यानं भिंगाची प्लास्टिकची चौकट आणि पेनं विरघळतात, आणि चिमटीतला भुंगेराही मरतो. मलम मानेला, मनगटाच्या वर.

पहिल्या आठवड्यात काही मिळालं नाही तर घाबरू नका, आणि एका उन्हाळ्यावरून निष्कर्षही काढू नका. त्या थंडीत कित्येक प्रजातींना अंड्यापासून प्रौढ व्हायला दोन-दोन वर्षं लागतात. यंदा अळ्याच दिसल्या तर प्रजाती नाहीशी झाली असं नाही. अळ्याही ठेवा, मद्यार्कात.

ओळख पटवण्यात आधीच मर्यादा आखून घ्या. कॅरॅबिड, पाणभुंगेरे, चित्रांग भुंगेरे प्रजातीपर्यंत न्या. अथेटा आणि तिच्या नात्यातले दोन-तीन मिलिमीटरचे स्टॅफिलिनिड नराच्या जननेंद्रियाच्या रचनेशिवाय ओळखता येत नाहीत. ते तज्ज्ञाकडे द्या, अंदाजानं नाव लावू नका. प्रत्येक शंकास्पद नमुन्याचा एक पाय ९६ टक्के मद्यार्कात वेगळा ठेवा. फिनलंड आणि आसपासच्या १,८७२ भुंगेरा-प्रजातींच्या डीएनए बारकोडचा (प्रजाती ओळखायला वापरल्या जाणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्याचा) अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि बहुतांश प्रजाती त्यावरून नीट वेगळ्या काढता आल्या. म्हणजे ताडून बघायला पाया तयार आहे. तुम्ही घाटात काम केलंय, तर ही चैन काय आहे ते तुम्हाला सांगायला नको.

कॅरॅबिडची पंखढाल उचलून आतले पंख पूर्ण आहेत की खुरटलेले, तेही लिहा. एकाच प्रजातीत दोन्ही प्रकार असतात. कॅलॅथस मेलॅनोसेफॅलसमध्ये हमखास. कार्ल लिंडरोथ या स्वीडिश कीटकशास्त्रज्ञानं विसाव्या शतकाच्या मध्यात याच एका गोष्टीवरून हिमयुगानंतर कोणती प्रजाती कुठून आली याचे माग काढले: लांब पंखांचे नव्यानं आलेले, आखूड पंखांचे मुरलेले. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण टाचणीवर चढवण्याआधीच होतं.

यादी पुरी होत आली का, यासाठी माझ्याकडे एक साधं गणित आहे, ॲन चाओ या संख्याशास्त्रज्ञ बाईंनी १९८४ मध्ये मांडलेलं. समजा ९२ प्रजाती मिळाल्या. त्यांतल्या २० प्रजातींचा एकेकच नमुना आहे आणि ८ प्रजातींचे दोन-दोन. २० चा वर्ग ४००. त्याला ८ च्या दुपटीनं, म्हणजे १६ नं भागा. उत्तर २५. निदान २५ प्रजाती अजून नजरेआड आहेत, म्हणजे एकूण किमान ११७. दर आठवड्याला हे करून बघा. एकेकट्या नमुन्यांच्या प्रजाती कमी होत गेल्या तर त्या अधिवासातून उठा आणि दुसरीकडे बसा. कमी होत नसतील तर तिथेच थांबा, मग कितीही कंटाळा येवो.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. माझ्या पहिल्या उन्हाळ्यातल्या ३१ नमुन्यांवर मी "तेनो नदीकाठ, वाळू" एवढंच लिहिलं होतं, तारखेसह. तेनो ही फिनलंड आणि नॉर्वेची सीमा आहे. आम्ही होडीनं दोन्ही काठांवर जात होतो. ते नमुने कोणत्या देशातले हे आज मलाही सांगता येत नाही, आणि त्यात एक प्रजाती अशी होती की तिची नोंद दोन्हीकडे मोलाची ठरली असती. भुंगेरा पेटीत आहे, शाबूत आहे, आणि निरुपयोगी आहे. तेव्हापासून माझ्या लेबलावर अक्षांश-रेखांश दशांशात पाच स्थळांपर्यंत, काठाची बाजू, तारीख कधीपासून कधीपर्यंत, पद्धत, अधिवास, नाव. महिना रोमन आकड्यात, म्हणजे ६ जुलै की ७ जून हा घोळ होत नाही. मद्यार्कातल्या लेबलावर पेन्सिल. लेझर छपाईची अक्षरं सुटून तळाशी बसतात.

आणि रिकामे पेलेही लिहा. कॅनडानं १९४७ ते १९६२ या काळात आपल्या उत्तर भागात कीटकांचं मोठं सर्वेक्षण केलं. निमित्त होतं सैनिकांना हैराण करणाऱ्या चावऱ्या माश्यांचं, पण गोळा सगळंच केलं. २०१० च्या सुमारास संशोधक त्यांतल्या अनेक ठिकाणी पुन्हा गेले आणि अर्ध्या शतकात काय बदललं हे तपासू शकले. कारण जुन्या मंडळींनी कुठे, कधी, कसं हे लिहून ठेवलं होतं. भुंगेरे हवामानामागे किती लांब जातात याचा मला सर्वांत आवडणारा दाखला अफोडियस होल्डेरेरी या शेणकिड्याचा आहे. आज तो फक्त तिबेटच्या पठारावर मिळतो. हिमयुगातल्या इंग्लंडच्या चिखलात मात्र त्याचे अवशेष जागोजागी सापडले. उत्सयोकीचा माथाही बदलतोय, झुडपं वर चढताहेत. एखादी प्रजाती २०७५ मध्ये तिथे नसेल, तर ती आधी होती की तुम्हीच शोधली नव्हती, हे तुमच्या वहीवरूनच कळणार. "ओळ ३, पेला ५, शून्य, काठ ठीक" ही नोंद तेव्हा तिथे पुन्हा शोधायला जाणाऱ्या माणसासाठी आहे.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर: नमुने तिथेच ठेवा. हेलसिंकीच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात त्या प्रदेशाची तुलनेची मालिका आहे. एकटा सुटा भुंगेरा पुण्यातल्या पेटीत असून ताडणार कशाशी? छायाचित्रं, मोजमापं आणि डीएनएचे क्रम सोबत आणा, नोंदी खुल्या माहितीसाठ्यात टाका. मात्र निघण्याआधी दोन दिवस पेले काढायला राखून ठेवा. ४८ लावले असतील तर ४८ मोजून उचला, खड्डे शेवाळानं बुजवा. माझा एक पेला चौथ्या वर्षी सापडला होता, कडेपर्यंत भुंगेऱ्यांनी भरलेला.